परतीचा ठोका

“तुम्हांला हे खरं वाटणार नाही. आजवर कुणालाच वाटलेलं नाही. पण एका रशियन जहाजाचा अख्खा तळ माझ्या हृदयाच्या ठोक्यांवर शिवला गेलाय.”

मी असं म्हटलं आणि समोरच्या मेंगने चूळ भरलेलं पाणी हौदातच थुंकलं. त्याच हौदात आम्ही तिघं गळ्यापर्यंत बुडून बसलो होतो. कुणाच्या तरी टाचेवरची सुटलेली चिकटपट्टी पाण्यावर तरंगत फिरत होती. ती ज्याच्या हनुवटीपाशी येई, तो फुंकर मारून तिला दुसऱ्याकडे पाठवी. दोंगनेच्या गरम झऱ्याचं पाणी म्हणे सगळे रोग घालवतं. घालवत असेल. पण घालवलेले रोग जातात कुठे? याच पाण्यात ना?

आमच्या वसाहतीतल्या म्हाताऱ्यांची सहल आलेली. बाकीची मंडळी वरच्या मजल्यावर तोंडं उघडी टाकून घोरत होती. त्यांची ती तोंडं बघवेनात म्हणून मी खाली उतरलो, आणि हे दोन अनोळखी श्रोते मिळाले.

“जहाज शिवतात होय?” मेंग म्हणाला. सुकटीचा घाऊक व्यापारी. अंगावरचे कपडे उतरले होते, वास उतरला नव्हता. “मग घरी रजया वेल्डिंग करत असाल.”

“ऐक तरी. मी वेल्डर. योंगदो बेटावरच्या गोदीत जहाजं दुरुस्त करायचो. चाळिशीत हृदयाचं हे लफडं लागलं. चांगलं चालता चालता एकदम सुटायचं, कुत्र्याच्या शेपटीला डबा बांधल्यासारखं. सदऱ्याचं बटण उडून समोरच्याच्या वाटीत पडायचं. आमच्याकडे जहाजांचा गंज हातोडीने झाडणाऱ्या बायका असत. मुकादम मला ओरडायचा, योम, तिकडे लांब उभा राहा, बायकांचा ताल चुकतोय!”

“आणि ते शिवणकाम?”

“त्या रशियन जहाजाखाली उताणा पडून सांधा भरत होतो, आणि हे सुटलं. हात थरथरायला लागला, पण ठोक्याच्या तालात. टाका, टाका, टाका! शिवणयंत्राने मारावी तशी टीप. कप्तान खाली वाकून बघतो नि विचारतो, कुणाच्या बायकोने केलं हे?”

“थाप,” तिसरा म्हणाला. याचं नाव गिल. जन्मभर शहराची बस चालवलेला माणूस. डोळे मिटूनच बसला होता, आणि पुढचा थांबा सांगावा तसं तो ‘थाप’ म्हणाला.

“थाप तर थाप. पण पुढे शीबाई येते. ती थाप नाही.”

शीबाई म्हणजे डॉक्टर नामगुंग. हृदयातल्या विजेचे घोटाळे शोधणारी बाई. सगळं इस्पितळ तिला पाठीमागे शीबाई म्हणायचं, कारण बाई दिवसभर शी म्हणायची. यंत्रातली कॉफी, शी. छातीला फासायची गार बुळबुळीत जेली, शी. क्ष-किरणांपासून वाचायला घालायचा शिशाचा झगा आधी कुणीतरी घामाने भिजवून ठेवलेला असे, त्याला तर दोनदा शी. तिची आई मासळीबाजारात जिवंत वाम सोलायची. शाळा सुटली की पोरीने तिथेच बसून अभ्यास करायचा. एका बाजूला गणिताची वही, दुसऱ्या बाजूला टोपलीत कातडं गेलेल्या, तरी वळवळणाऱ्या वामी. तिथून ती जी विटली ती कायमची. लग्नासाठी बघायला आलेल्या माणसाने शेवया ओढताना फुर्र केलं, तर ही पर्स उचलून चालती झाली. तो बिचारा म्हणे अजून त्याच खानावळीत बसलाय.

“थाप,” गिल म्हणाला.

“बरं, उठला असेल.”

माणसांची तिला किळस येते असं नर्सा म्हणायच्या. मला तसं वाटलं नाही. माझ्या पलंगाशेजारची खुर्ची तिने पुसून घेतली हे खरं, पण पुसल्यावर ती तिच्यावर बसली. बाकीचे डॉक्टर उभ्या उभ्या बोलून जायचे. तिला खरी किळस होती ती अंदाजाची. “अंदाज म्हणजे दुसऱ्याने चावून दिलेला घास,” ती म्हणायची. “पोट भरतं हो. पण शी!”

उपचाराच्या आदल्या दिवशी तिने मला सगळं समजावून सांगितलं.

“योमदादा, हृदयाला वरती खोल्या, खालती खोल्या. वरून खाली निरोप जायला मधे एकच जिना. तुमचा निरोप खाली पोचून गप्प बसत नाही. परत वर चढतो, परत खाली उतरतो. गोल गोल. म्हणून ही धावपळ. ती परतीची वाट शोधून जाळायची. आता प्रश्न एवढाच, की तो वर चढतो कुठून?”

“कुठून?”

“दोन संशयित आहेत. एक म्हणजे तुमचा मधला जिनाच आतून दुपदरी असेल. एका पदराने उतरायचं, दुसऱ्याने चढायचं, जिन्यातल्या जिन्यात गरगरायचं. नाहीतर बाहेरच्या भिंतीला चोरशिडी लागलेली असेल. जिन्याने उतरायचं, शिडीने चढायचं. कागदावर दोघांच्या रेघा जुळ्या भावांसारख्या.”

“मग दोघांनाही जाळा की, बाई. कटकट नको.”

“शी! काय बोलता!” तिने नाक मुरडलं. “शिडी जाळली तर तुमचं काही बिघडत नाही. पण जिन्याचा एक पदर जाळताना अख्खा जिना जाऊ शकतो. क्वचित जातो, पण जातो. मग ठोके द्यायला छातीत यंत्र बसवायचं, जन्मभराचं. आणि यंत्र बसलं की तुमचं वेल्डिंग बंद. त्या विजेजवळ हे यंत्र न्यायचं नसतं.”

मला दुसरं काही येत नव्हतं, हा मुद्दा वेगळा. गोदी म्हणजे घाण: सडकं शेवाळ, जळकं तेल, जहाजांच्या पोटातून निघणारा मैला, आणि त्या सगळ्याच्या मधोमध बसून डबा खाणारे आम्ही. त्या घाणीत काळ्या काचेतून दिसणारा वितळलेल्या लोखंडाचा थेंब, तेवढी एकच गोष्ट मला स्वच्छ वाटायची. तो थेंब गेला तर उरलं काय?

“बाई,” मी म्हटलं, “शिडीच असू द्या.”

“असू द्या म्हणून असत नाही,” ती उठली. “उद्या हृदयालाच विचारू.”

दुसऱ्या दिवशीचं काय सांगू! कोरड्या वस्तऱ्याने एका पोराने माझी जांघ भादरली, डुकराची भादरावी तशी. मग तांबडं औषध फासलं. मग लघवीची नळी घातली. पाय गारठलेले, कुल्ले उघडे, आणि भिंतीवर लिहिलेलं, आपण आमचे मौल्यवान पाहुणे आहात. जांघेतल्या शिरेतून बारीक तारा आत सरकवल्या, थेट हृदयापर्यंत.

“झोपवलं नव्हतं तुम्हांला?” मेंगने विचारलं. चिकटपट्टी त्याच्याकडे आली होती, ती त्याने माझ्याकडे ढकलली.

“झोपवलं की हृदय शहाण्यासारखं वागतं. मग पकडणार काय? जागाच होतो. काचेपलीकडे सो नावाचा एक गडी यंत्रापाशी बसलेला. तारेतून तो हृदयाच्या खालच्या खोलीला विजेचे बारीक टोले द्यायचा. आता नीट ऐका, गोष्टीचा जीव इथे आहे. आधी माझी धावपळ मुद्दाम सुरू करायची. मग तिच्यापेक्षा किंचित जास्त वेगाने खालून टोले द्यायचे, म्हणजे तिचा हात धरून तिला आपल्या चालीने चालवायचं. वरच्या खोल्याही त्या चालीला लागल्या, की एकदम हात सोडून द्यायचा. आणि बघायचं, की परतीचा पहिला ठोका खालच्या खोलीत यायला किती वेळ लागतो.”

“त्यावरून काय कळणार? कप्पाळ?” मेंग म्हणाला.

गिलने पहिल्यांदा डोळे उघडले. “मला कळलं. मी गोल फेरीची बस चालवायचो. ज्याचा थांबा फेरीवरच, त्याच्यापाशी बस एका फेरीत परत येते. ज्याचं घर आत गल्लीत, त्याला फेरीचा वेळ लागतो, आणि वर गल्लीची ये-जा.”

“बघ! बसवाल्याला कळलं आणि सुकटवाल्याला नाही. चोरशिडी असेल तर खालची खोली फेरीवरच आहे. परतीचा ठोका लगेच येणार. जिन्यातच गरगरत असेल तर खालची खोली पडली गल्लीत. ठोका उशिरा येणार.”

“मग सोपंय की,” मेंग फुरंगटून म्हणाला.

सोपं होतं, पण माझं हृदय नालायक. बाईने धावपळ सुरू केली की छान धावायचं, आणि सो गड्याने टोले देऊन हात धरायला जावं तर जागच्या जागी थांबायचं. मेल्याचं सोंग घेतलेल्या किड्यासारखं. पुन्हा सुरू करा, पुन्हा पकडायला जा, पुन्हा मेलं. सगळी सकाळ यात गेली. ठोक्यांच्या हादऱ्याने टेबलाची चाकं सुटून मी दोनदा दारापर्यंत जाऊन आलो. मला माझ्याच हृदयाची शिसारी आली. असला नोकर असता तर मी त्याला बंदरात बुडवला असता.

“थाप,” गिल म्हणाला, पण आता हौदाच्या कडेला सरकून, कान इकडे करून.

तेवढ्यात काचेपलीकडे मोठे साहेब आले. विभागाचे प्रमुख. दात कोरत आले. अजून जेवले नव्हते, तरी दात कोरत होते. सकाळचं काहीतरी अडकलेलं असणार. त्यांच्यासोबत राजधानीहून, सोलहून आलेले दोन पाहुणे. पाहुण्यांसाठी डुकराच्या रश्श्याच्या दुकानात आतली खोली राखून ठेवलेली. आता त्या इस्पितळात रीत अशी, की मोठ्या साहेबांच्या आधी कुणी चमचा उचलायचा नाही, आणि साहेब जेवायला निघाले की मागे कुणी राहायचं नाही. पाहुण्यांपुढे तर अख्खी पलटण हजर पाहिजे. म्हणजे वॉर्डबॉयपासून पाहुण्यांपर्यंत सगळ्यांची पोटं माझ्या हृदयाला टांगलेली.

साहेबांनी बटण दाबलं, आणि छतातून आवाज आला.

“नामगुंग, किती वेळ? त्याच्या मानेची शीर उडतेय बघ, ती मधल्या जिन्याचीच खूण. बहुतेकांचं मधेच असतं. मधे जाळ आणि चल.”

“सर, एक परतीचा ठोका मिळू द्या. नुसत्या मानेवरून नको.”

“मिळत नाहीये ना? हळूहळू गोंजारत बसलात तर कसा मिळेल? सो, वाढव वेग. हाण चांगले!”

सोने बाईकडे बघितलं. बाईने साहेबांकडे बघितलं. साहेबांनी घड्याळाकडे. आणि सोने वेग वाढवला.

बाप रे! छातीत कुणी गंजाच्या हातोड्या घेऊन घुसावं तसं झालं. पण या खेपेला हृदय मेलं नाही. धरलं गेलं, ओढलं गेलं, फरफटत चाललं. मग सोने हात सोडला. मी डोळे मिटून वाट बघत होतो. ठोका येईना. येईना. मग एकदाचा आला.

“उशिरा!” छतातून आवाज आला. “झालं समाधान? जिनाच आहे. आटप आता.”

पाहुण्यांपैकी एकजण हसला. जाळायची तार बाईने हृदयाच्या मधोमध आणली. जाळण्याचं बटण पायाशी असतं, शिवणयंत्राच्या पायट्यासारखं. तिचा पाय त्याच्यावर गेला. तोंडावरच्या पट्टीच्या वर मला तिचे फक्त डोळे दिसत होते. ती पडद्यावरच्या रेघांकडे बघत होती, आणि मी तिच्या पायाकडे.

मी थांबलो. हौदात पाणी गळण्याचा आवाज तेवढा येत होता.

“अहो पुढे?” मेंग म्हणाला. चिकटपट्टी त्याच्या मिशीला येऊन लागली होती, त्याला पत्ता नव्हता. “दाबला पाय?”

“पुढे बाई म्हणाली, शी!”

“हाऽ!” मेंगने मांडीवर थाप मारली. पाणी माझ्या तोंडात गेलं.

ती असं काही शी म्हणाली, की सोच्या हातातलं पेन पडलं. पाय उचलला तिने पायट्यावरून. “सर,” म्हणाली, “आपण फार दामटलं. जिना दमला. दमलेल्या जिन्याने ठोका उशिरा खाली आणला. हा उशीर अंतराचा नाही, दमण्याचा आहे. दमण्याला अंतर समजून मी या माणसाचा जिना जाळायला निघाले होते. शी, शी, शी!”

“बरोब्बर!” आता गिलच उसळला. “गर्दीत अडकलेली बस उशिरा आली म्हणून थांबा लांब जातो का? आमच्या आगारातल्या साहेबांना जन्मभर हे कळलं नाही. बाई हुशार हो!”

“ऐक ना. साहेब म्हणाले, नामगुंग, रस्सा गार होतोय. तर बाई काय म्हणाली असेल?”

“काय?”

“म्हणाली, गार रश्श्यावर धरलेल्या चरबीची मला फार किळस येते, सर. पण तिच्यापेक्षा जास्त किळस येणाऱ्या गोष्टी या खोलीत आहेत.”

मेंग इतका हसला की त्याला ठसका लागला. शेवटी ती चिकटपट्टी त्याने मिशीवरून ओढून काढली, बघितली, आणि हौदाबाहेर भिरकावली. कुणाच्या तरी साबणाच्या टोपलीत पडली.

मग मी त्यांना राहिलेलं सांगितलं. बाईने छतातल्या आवाजाची वायरच कशी उपटली. सोला कसं सांगितलं की आता घाई नाही, धावपळीपेक्षा केसभर जास्त वेग, बस्स. माझ्या नालायक हृदयाच्या कानाशी वाकून ती कशी म्हणाली, ए, मरू नकोस रे, चल माझ्याबरोबर. आणि कसं ते या वेळी मुकाट्याने चाललं, वरच्या खोल्यांसकट, लग्नाच्या वरातीसारखं. सोने हात सोडला, आणि परतीचा ठोका कसा लगेच, दाराआड उभा असल्यासारखा, हजर झाला.

“म्हणजे शिडी!” दोघं एकदम म्हणाले.

“शिडी. डाव्या भिंतीला. बाईने तार तिकडे नेली, पाय दाबला. धावपळ चालू होती, ती अर्ध्या ठोक्यात विझली. असली शांतता मी गोदीत कधी ऐकली नाही. सोलच्या पाहुण्यांनी काचेपलीकडून टाळ्या वाजवल्या. साहेब एकटेच गेले जेवायला. आणि सांगू? त्या बाईने घामट झगा उतरवला, यंत्रातली कॉफी घेतली, आणि सगळी प्यायली. एकदाही शी म्हटलं नाही.”

“वा!” मेंग म्हणाला. त्याचे डोळे खरंच पाणावले होते, वाफेने नाही. “असे डॉक्टर पाहिजेत. माझ्या भावाला असली कुणी भेटली असती तर... आणि काका, वेल्डिंग? ते मग चालू राहिलं?”

“चालू? म्हातारा झालो म्हणून हाकलून देईपर्यंत! आणि साधंसुधं नाही. डोक्यावरचं वेल्डिंग, सगळ्यांत अवघड. वितळलेलं लोखंड तुझ्याच तोंडावर गळायला बघतं, आणि तू त्याला वरच्या वर धरून ठेवायचं. पोरं बघायला यायची माझ्याकडे. कसं उभं राहायचं माहीत आहे? असं.”

बोलता बोलता मी पाण्यातून उभा राहिलो. डावा हात वर, चेहऱ्यापुढे काळ्या काचेची ढाल. उजवा हात वर, त्यात दांडी. मान मागे, श्वास रोखलेला. अंगावरून पाणी निथळत होतं. मेंग खालून तोंड उघडं टाकून बघत होता.

“काका,” गिल म्हणाला.

“बोलू नको. बोललं की हात हलतो.”

“काका, ते गळ्याच्या डाव्या हाडाखाली काय आहे?”

“कुठे?”

“तिथे. काडेपेटीएवढं वर आलंय. वरती टाक्यांचा वळ आहे.” गिलचा आवाज चढला नाही. “माझ्या बायकोलाही ठोक्यांचं यंत्र तिथंच बसवलंय. वेल्डिंगच्या दुकानावरून जायचं झालं तर ती रस्ता ओलांडून पलीकडून जाते. खोटं बोलताय तुम्ही. त्या बाईंनी मधेच जाळलं.”

मेंगने माझ्या छातीकडे बघितलं, मग पाण्याकडे.

माझे हात वरच होते. न्हाणीघराच्या छताला, बरोबर माझ्या डोक्यावर, एक लांब भेग गेलेली होती.